चादरीला कसला ताण?

काचेच्या भांड्यातलं पाणी लाल व्हायला लागलं, तशी घोळक्यातल्या बायकांची कुजबुज थांबली. यंत्रं बंद होती. एरवी त्या शेडमध्ये शेजारणीला काही सांगायचं तर घसा ताणून ओरडावं लागे. आज नळाची टिपटिपसुद्धा ऐकू येत होती.

थोरलीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात होते. तिच्या बोटांच्या फटींतून गुलाबी धागे सुटत होते, वळसे घेत खाली उतरत होते, आणि स्वच्छ पाणी बघता बघता रक्तासारखं होत होतं.

"किती साठवलंस गं माउली," दादा म्हणाले. त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "किती वर्षं गिळत आलीस? कुणी विचारलंच नाही ना कधी?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही जगाच्या कपड्यांचा मळ काढता. तुमच्या मनाचा मळ कोण काढणार? तो साबणानं निघत नाही. त्याला जागं केलेलं पाणी लागतं. डोळे मिट. श्वास आत घे, सावकाश. आता सोड. सगळं सोड."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग कमरेच्या चंचीतून एक छोटी कुपी काढली आणि भांड्यात काही थेंब टाकले. शांतीचे थेंब म्हणायचे ते त्यांना. पाण्याची लाली विरत गेली, आणि डोळे उघडले तेव्हा थोरलीला पुढ्यात पुन्हा नितळ पाणी दिसलं.

"ताण शमला," दादा म्हणाले. "जा. आता हलकी झालीस."

आणि ती झालीही होती. पाय जमिनीवर आहेत की नाहीत असं तिला वाटत होतं.

हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन आणि पडदे धुणारी ती लाँड्री. एका टोकाला मळके कपडे निवडायचं टेबल, मधे धुलाईच्या टाक्या, दुसऱ्या टोकाला ओल्या चादरी इस्त्री करून बाहेर काढणारे तापलेले रोलर. थोरली धुलाईवर होती. घरातली मोठी सून म्हणून ती थोरली, आणि तिची जाऊ रोलरवर होती ती धाकटी. दोघींना त्याच नावांनी सगळी लाँड्री ओळखे.

गेल्या वर्षभरात कामाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या टिकल्या नव्हत्या. कुणाला चक्कर येई, कुणी कपडे निवडता निवडता रडायला लागे, कुणाचं कशातच लक्ष लागत नसे. सुपरवायझर साहेबांनी वरच्यांना कळवलं, वरच्यांनी आणखी बायका द्यायच्या ऐवजी दादांना पाठवलं. दादा आठवड्यातून एकदा येत. पांढरे कपडे, अंगाला उग्र अत्तराचा वास, सोबत पाण्याचा एक कॅन. त्या कॅनमधलं पाणी भांड्यात ओतायची सेवा त्यांनी पहिल्याच दिवशी थोरलीकडे दिली. जिचं पाणी सगळ्यांत लाल, तिचा मान मोठा.

थोरली रोज सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. देवानंच हा माणूस धाडला असं तिनं मनाशी धरलं होतं.

दादांचं शास्त्र समजायला सोपं होतं. पाणी जितकं लाल, तितका ताण जास्त. धुलाईवाल्यांचं पाणी गडद लाल. निवडणाऱ्यांचं कधी फिकट गुलाबी, कधी नुसतंच पाणी. आणि रोलरवाल्यांचं अगदी नितळ.

"उबेत काम करणाऱ्यांचा ताण वितळून जातो," दादांनी खुलासा केला. "भाग्यवान आहात."

"भाग्यवान तर भाग्यवान," निवडायच्या टेबलावरची बडबडी म्हणाली. "दुपारी रोलरपाशी उभं राहून बघा म्हणावं, दादा स्वतःच वितळतील."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. साहेबांनीही एकदा हात बुडवून पाहिला होता. पाणी जसंच्या तसं राहिलं, तेव्हा दादा म्हणाले होते, "साहेब म्हणजे स्थितप्रज्ञ." साहेब त्या दिवसभर मान जरा उंचावूनच फिरत होते.

पुढच्याच आठवड्यात रोलरचा वेग वाढला. ज्यांना ताणच नाही त्यांना थोडं जास्त काम जड जाऊ नये, असा साधा हिशेब. शिवाय दादांच्या बैठकीत जाणारा वेळ भरून काढायचा होता. रोलरच्या तोंडाशी एक दांडी होती. चुकून हात पुढे गेला की तो दांडीला लागायचा आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. घाईत चादरीचा काठ लागूनही ते सारखं थांबू लागलं, म्हणून साहेबांनी ती दांडी फाटक्या चादरीच्या पट्टीनं वर बांधून टाकायला सांगितली.

धाकटी त्या रोलरवर होती.

धाकटीचं पहिलं बाळ जन्मल्यावर थोडेच दिवस राहिलं. त्या वेळी तिचा नवरा ट्रक घेऊन दूरच्या फेरीवर होता, आणि परत आला तो आणखी गप्प होऊन आला. धाकटी रडली नाही. कामावर परत आली, तेव्हा "बरी आहेस ना?" असं ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना "हो" म्हणाली. घरी ती ताटात भात कालवत बसे आणि तसाच ठेवून उठे. रात्री थोरलीला जाग आली की पलीकडच्या खोलीत बांगड्यांची हालचाल ऐकू येई. झोपलेल्या माणसाच्या बांगड्या अशा वाजत नाहीत.

एक दिवस धाकटी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मला रोलरवरून काढा. निवडायच्या टेबलावर टाका, टाकीवर टाका. कुठंही."

"का? काय होतंय?"

"मला त्या लहान चादरी नकोत."

मुलांच्या वॉर्डातून येणाऱ्या, पाळण्याच्या मापाच्या चादरी होत्या त्या. रोलरमधून त्या शेवटी निघायच्या, एकावर एक, गरम.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे ताण आहे म्हणतेस?"

"माहीत नाही साहेब. हात थरथरतात."

"मग दादांपुढे बस. पाणी काय ते सांगेल."

बैठकीच्या दिवशी भांड्यात पाणी थोरलीनंच ओतलं. धाकटीनं बाही सारून दोन्ही हात बुडवले. सगळ्या वाकून बघत होत्या. पाणी नितळ. दादांनी तिला हात फिरवायला सांगितला, तळव्यावर तळवा चोळायला सांगितला. तरी नितळ.

दादा मायेनं हसले. "मुली, पाण्यापुढे सोंग चालत नाही. तुझं मन स्वच्छ आहे. काम टाळायचा मोह मात्र आहे हं, तो सोड."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. एकदाच.

थोरलीनं मान खाली घातली. संध्याकाळी बसथांब्यावर ती म्हणाली, "अगं, दुःख कुणाला नसतं? पण मन घट्ट करावं लागतं. पाणी काय खोटं बोलतं का?"

"नाही ताई," धाकटी म्हणाली. "मीच खोटं बोलत असेन."

त्यानंतर ती कुणापुढे काही बोलली नाही.

पुढं जे झालं ते भर दुपारी, लख्ख उजेडात झालं. एक लहान चादर दुमडून रोलरच्या तोंडाशी गेली. वेग वाढलेला, दांडी वर बांधलेली. धाकटीनं चादर सरळ करायला हात पुढे केला. थोरली टाकीपाशी होती. तिला आधी किंकाळी ऐकू आली नाही. आधी बडबडीचा आवाज आला, "बंद करा, अगं बंद करा कुणीतरी," आणि बडबडीचा आवाज कधी असा ऐकला नव्हता म्हणून ती धावली.

तीन बोटं वाचली नाहीत. अंगठा आणि शेजारचं एक, एवढंच राहिलं.

ज्या हॉस्पिटलच्या चादरी त्या धुवायच्या, तिथंच धाकटीला नेलं. थोरलीनं पलंगावरची चादर ओळखली. काठाला तिच्याच टाकीचा शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी ती पाळी संपवून, कपडेही न बदलता, थेट वॉर्डात आली. पदराखाली एक बाटली होती. दादांच्या कॅनमधलं पाणी तिनं श्रद्धेनं थोडं काढून ठेवलं होतं. धाकटी छताकडे बघत पडली होती. थोरलीनं वाटीत पाणी ओतलं आणि म्हणाली, "चांगला हात बुडव. कालच्या घावानं तरी आतलं बाहेर येईल. मोकळी हो गं."

धाकटीनं निमूटपणे बोटं बुडवली. पाणी नितळ.

"बघा ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ते ऐकवत नव्हतं. "अजूनही मला काहीच झालेलं नाही."

"हे काय चाललंय?" पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात धाकटीचा केसपेपर. थोरलीनं हात जोडून दादांची बैठक, त्यांचं अत्तर, शांतीचे थेंब आणि पाण्याचं माहात्म्य, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं बोट वाटीत बुडवलं.

"मी कालपासून घरी गेले नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी याच वॉर्डात एक पेशंट गेला. बघा, पाणी कसं आहे."

पाणी नितळ होतं.

"आता तुम्ही बुडवा."

थोरलीनं बोटं बुडवली. लगेच गुलाबी धागे सुटले.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उलटा करून पाहिला. कातडी पांढरट, बोटांची टोकं भेगाळलेली. "टाकीत काय घालता?"

"सोडा. साबणाची पूड."

"आणि या रोलरवर असतात, ना? त्यांच्या हातात येणाऱ्या चादरींना सोडा असतो का?"

"छे. सोडा राहिला तर पेशंटच्या अंगाला खाज सुटेल. आम्ही शेवटच्या पाण्यात आंबट घालतो. ते सोड्याला मारून टाकतं." हे बोलता बोलता थोरलीचा आवाज मंद झाला. 'मारून टाकतं' हे शब्द जणू तिनं पहिल्यांदाच ऐकले.

शेजारच्या पेशंटच्या कपाटावर एक कापलेलं लिंबू होतं. डॉक्टरीणबाईंनी ते मागून घेतलं. "हात चोळा. मग साध्या पाण्यानं खळखळून धुवा."

थोरलीनं धुतले. बाटलीतलं नवं पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं, बोटं बुडवली. नितळ. डॉक्टरीणबाईंनी आधीच्या गुलाबी पाण्यात लिंबू पिळलं. लाली विरली, अगदी दादांच्या हातून विरायची तशी.

"शाळेच्या प्रयोगशाळेत असतं हे औषध," त्या म्हणाल्या. "सोड्यासारखं काही लागलं की गुलाबी होतं, आंबट लागलं की पुन्हा रंग जातो. अत्तर कशाला, तर औषध स्पिरिटमध्ये विरघळवतात, त्याचा वास लपवायला. त्याला फक्त तुमच्या हाताचा सोडा कळतो. मन बिन काही कळत नाही."

थोरली खाली बसली. पलंगाची कड तिनं घट्ट धरली होती.

"पण मला हलकं वाटायचं हो. खरंच वाटायचं."

"वाटणारच. दिवसभरात तेवढीच घटका तुम्ही बसायचात. यंत्रं बंद, डोळे मिटलेले, श्वास सावकाश. कुणीतरी डोक्यावर हात ठेवून विचारायचं, दमलीस का. जीव सतत टांगलेला असला की शरीर सैल पडायचंच विसरतं. छाती धडधडते, झोप उडते, हात थरथरतात. बसलं, बोललं, कुणी ऐकून घेतलं की ते जरा सैल पडतं. ते खरं होतं. त्या माणसानं तुमचं खरं घेतलं आणि त्यावर खोटं चढवलं." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "आणि जिचा सोडा नव्हता, तिला कुणी विचारलंच नाही."

त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "मी यांच्यासाठी मनाच्या डॉक्टरांना बोलावते. पण आधी तुम्ही विचारा. वाटी बाजूला ठेवून."

थोरलीनं वाटी जमिनीवर ठेवली.  मग तिनं धाकटीचा चांगला हात हातात घेतला.

"त्या लहान चादरी," ती म्हणाली. "काय होत होतं गं?"

धाकटी छताकडेच बघत राहिली. मग तिचे ओठ हलू लागले.

"गरम असायच्या ताई. बाहेर आल्या की घडी घालायला छातीशी धराव्या लागायच्या. नुकतंच कुणी उठून गेल्यासारख्या गरम." ती थांबली. "त्याचं अंग गार पडत होतं तेव्हा मी त्याला असंच धरलं होतं. ऊब राहावी म्हणून."

आणि मग ती रडली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. वॉर्डातल्या बायकांनी माना वळवल्या, कुणी गप्प राहा म्हणालं नाही. थोरलीही रडली, पण तिनं स्वतःचं दुःख मधे आणलं नाही. ती नुसती हात धरून बसली.

दादांच्या पुढच्या बैठकीला थोरलीच्या सांगण्यावरून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दवाखान्याचा कोट घालून त्या शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या, म्हणून साहेबांना त्यांना बाहेर काढता येईना.

दादांनी सुरुवातीलाच गळा दाटून आणला. "झालं ते वाईट झालं. ज्याचं मन कामात नसतं, त्याला यंत्रही ओळखतं. पण शोक साठवू नका. ये माउली, आज तुझ्यापासून."

थोरली पुढे आली. तिनं बाह्या सारल्या आणि हात बुडवले. घोळका वाकला.

पाणी नितळ होतं.

दादांची नजर क्षणभर तिच्या हातांवर थबकली. मग चेहरा पुन्हा उजळला. "पाहा. मागच्या बैठकांचं फळ. हिच्या मनात आता ताणाचा लवलेश नाही."

"दादा," थोरली म्हणाली. तिचा आवाज कधीच मोठा नसे, आजही नव्हता. "माझ्या जावेचा हात गेला. रोज तिला मी भरवते. रात्री ती दचकून उठते आणि मला धरते. आणि मला ताण नाही म्हणता?"



"मी येताना लिंबानं हात धुतलेत. बाकी काही केलं नाही." ती वळली, टाकीत अजून सोड्याच्या पाण्यात असलेली एक चादर तिनं पिळून काढली आणि तिचं टोक भांड्यात सोडलं. पाणी भडक लाल झालं. "या चादरीला कसला ताण?"

"तिला रोज आपटतात," मागून बडबडी म्हणाली.

एकदोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. दादा मात्र डगमगले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, हात उंच केला. "बायांनो, या चादरीवर आजारी माणसं झोपली. कण्हली. त्यांचं दुःख या धाग्याधाग्यांत शोषलं गेलंय. पाण्यानं तेच दाखवलं."

घोळक्यात कुजबुज झाली. चारदोन माना हलल्या. खरंच की. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

थोरलीनं भांडं धुतलं, कॅनमधून नवं पाणी ओतलं. सेवा तिचीच होती, कुणी अडवलं नाही. मग कोठीतून आणलेली सोड्याची नवी, बंद पिशवी तिनं सगळ्यांसमोर फोडली आणि चिमूटभर सोडा पाण्यात टाकला.

इतकं लाल पाणी त्या भांड्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि हा?" थोरली म्हणाली. "ह्याचं कोण गेलं?"

दादांचा हात कमरेच्या चंचीकडे, कुपीकडे गेला. डॉक्टरीणबाई पुढे आल्या आणि औषध, सोडा, आंबट, सगळं चार साध्या वाक्यांत सांगून टाकलं. ज्यांना वाटेल त्यांनी करून पाहा म्हणाल्या. बडबडीनं करून पाहिलं. मग तिच्या मागून दुसरीनं, तिसरीनं. रोलरवाल्या एका बाईनं हाताला सोडा चोळून पाणी लाल केलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली. "म्हणजे पाणी नितळ राहायचं, तरी दुःख माझ्यात पण होतंच," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मीच निबर आहे."

दादा कधी निघाले ते कळलं नाही. कॅन मात्र तिथंच राहिला.

"चला, तमाशा झाला," साहेब म्हणाले. "यंत्रं सुरू करा."

"करतो," थोरली म्हणाली. रोलरपाशी जाऊन तिनं दांडीला बांधलेली पट्टी कात्रीनं कापली. दांडी खाली आली. ती परत बांधायला साहेबांनी कुणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टरीणबाई बघत होत्या आणि बायकाही बघत होत्या.

दुपारच्या सुट्टीत टाकीवरची एक म्हातारी बाई थोरलीजवळ येऊन बसली. "खोटं होतं ते कळलं गं. पण बरं वाटायचं. ते पण नेलंस."

 तिनं म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. "दमलीस का?" तिनं विचारलं.

म्हातारीनं पदराला हात पुसले. मग बोलू लागली, सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिली. रंग कशाचाच बदलला नाही. पण उठताना तिचा खांदा जरा खाली आलेला होता.

आता त्या लाँड्रीत लहान चादरी पाळीपाळीनं काढतात. एखादीला एखाद्या दिवशी नको वाटलं तर ती सांगते आणि दुसरी पुढे होते, का म्हणून विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर ऐकते. धाकटी कामावर परत आलेली नाही. तिच्या बोटांच्या जागी काही उगवणार नाही आणि बाळ परत येणार नाही. ती आठवड्यातून एकदा मनाच्या डॉक्टरांकडे जाते, कधी न बोलता बसून येते, कधी बोलून येते. थोरली सोबत जाते आणि बाहेरच्या बाकावर थांबते.

देवाला हात ती अजूनही रोज जोडते. पण देवानं दुःख सांगायला तोंड दिलं आणि ते ऐकायला कान दिले, तिथं मधे पाण्याचं भांडं कुणी ठेवलं हे विचारायचं ती आता विसरत नाही. तुमच्या घरात, कामावर, शेजारी कुणी "बरी आहे" म्हणून गप्प झालं असेल, तर त्याची परीक्षा घ्यायला कुणा चमत्काराला बोलावू नका. जे पाणी सोड्याला आणि शोकाला एकच समजतं, ते ओतून द्या. जवळ बसा आणि त्यालाच विचारा. आणि तो सांगेल ते खरं माना.